तिसऱ्या अंकातली राणी

अन्याय राणीवर झाला. कधी, तेही सांगते. आपल्या मंडळाच्या गणपतीत, शनिवारी दुपारी सव्वा बारा वाजता, मागच्या खेपेला नेपरव्हिलच्या झाडांवर सिकाडा किडे आले होते त्या वर्षी. नाटकाचे दोन अंक झाले होते. तिसऱ्यासाठी राणी पडद्यामागे येऊन उभी होती. पदर सारखा केलेला, समईतला बॅटरीचा दिवा लावलेला. पडदा उघडलाच नाही. माइकवरून आवाज आला, "मंडळी, पुऱ्या गरम आहेत. नाटक आपण इथेच संपवू या." टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. त्या नाटकाला होत्या की पुऱ्यांना, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मी नऊ वर्षांची होते, विंगेत उभी होते, आणि मला मिशी होती.

हे सगळं पुन्हा वर यायचं कारण म्हणजे रूट ५९ जवळची मंडळाची स्टोरेजची खोली. कमिटीने ठरवलं की ती सोडून द्यायची. आता देखावे स्क्रीनवर दाखवतात, तिथे ठेवलेलं कुणाला लागत नाही. आवरायला कोण येतं, असं ग्रुपवर विचारलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेल्या इमोजी पाठवल्या आणि मी "येते" म्हटलं. मी इथून जवळच, शिकागोत, भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, जिने चढते, दारं वाजवते. लोकांना घराबाहेर काढलं की त्यांचं सामान कसं रस्त्यावर येतं ते मी पाहिलंय. कुणाचंही सामान न बघता फेकू द्यायचं नाही, ही सवयच लागली आहे.

शटर वर गेलं आणि आधी वास आला. कापूर, डांबराच्या गोळ्या, ओल्या गालिचाचा कुबट वास, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी मेकअपच्या ट्यूबचा तेलकट गोडसर वास. बाहेर सिकाडांचा गलका चालू होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे किडे सतरा वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पीत बसतात, मग एका उन्हाळ्यात सगळे मिळून वर येतात, कात टाकतात आणि असा कल्ला करतात की फोनवरच्या माणसाला "थांब, आत जाऊन बोलते" म्हणावं लागतं. थर्माकोलची मखरं, फाटके लेझीम, कुणाच्या तरी बाळाच्या पाळण्याची दोरी. तळाला डिटर्जंटचं एक खोकं. त्यात राणीचा मुकुट.

पुठ्ठ्याचा होता. वर सोनेरी कागद, मध्ये लाल मखमलीचा तुकडा, कडेला आईच्या जुन्या माळेचे मोती. आणि मखमलीला घट्ट धरून बसलेली सिकाडाची एक वाळलेली कात. पाय, डोळे, पाठीवरची चीर, सगळं शाबूत. त्या उन्हाळ्यात आम्ही मुलांनीच चिकटवली होती. आम्हाला वाटायचं, दागिना आहे.

मी तिथेच जमिनीवर बसले.

नाटक शैलामावशीने लिहिलं होतं आणि राणीचं काम तीच करायची. शैलामावशी आईची मैत्रीण. सख्खी नाही, पण इथे सख्खं-चुलत कोण बघतं? ज्या बाईने आपल्याला पहिला हिवाळा पार करून दिला, ती मावशी. आईला बर्फात कसं चालायचं ते तिने शिकवलं होतं. "पेंग्विनसारखी चाल, लाज सोड." ती मराठवाड्यातल्या एका लहान गावची. त्या गावाच्या देवळाच्या दाराशी एक जुना दगड आहे, त्यावर अक्षरं कोरलेली. देवगिरीच्या यादवांच्या काळचा, असं गावात म्हणतात. राजाचं नाव वर, त्याच्या सगळ्या पदव्यांसकट, अजून वाचता येतं. खाली लिहिलंय की त्याच्या राणीने देवाच्या नंदादीपासाठी तेलाची सोय करून दिली. तिचं नावही होतं, मावशीने ते आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. पण दगडाच्या नेमक्या त्या भागाला लोक शेंदूर लावतात. तेल घालतात, शेंदूर लावतात, पुन्हा तेल. पिढ्यान् पिढ्या.

"कुणी खोडलं नाही गं ते," मावशी म्हणायची. "पूजा करून करून बुजवलं."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, आणि कळल्यापासून मी त्याच्यावर चिडलेली आहे.

बाकीची गोष्ट मावशीच्या मनातली. तसं ती स्वतःच सांगायची, इतिहास म्हणून खपवायची नाही. दक्षिणेकडचं एक राजघराणं आणि देवगिरी यांचं वैर. पहिल्या अंकात तह होतो आणि तहात मुलगी दिली जाते. दुसऱ्या अंकात ती राणी होते. दिवा लावते, सण करते, सासरची भाषा शिकते. नवऱ्याच्या बाजूने बोलावं तर माहेरावर फौज जाते, माहेराच्या बाजूने बोलावं तर घरातच फितूर ठरते. सगळे तिला "महाराणी" म्हणतात. तिचं नाव कुणीच घेत नाही. तिसऱ्या अंकात तिचा भाऊ दूत होऊन येतो. तिचं लग्न होऊन ती गेल्यावर जन्मलेला. त्याने बहीण पाहिलेलीच नाही. समोर जरीकाठात उभी असलेली बाई खरंच आपली बहीण आहे की दरबाराने उभी केलेली दुसरी कुणी, हे त्याला कळायला हवं. आईने त्याला सांगून पाठवलंय, "मी तिला काय हाक मारायचे ते विचार." तो विचारतो, "तुम्ही कोण?" आणि ती नाव सांगते.

एवढाच अंक. पुढे युद्ध थांबलं का, असं आम्ही मुलं विचारायचो. मावशी म्हणायची, "ते दगडावर नाही. मी पण नाही लिहिलं."

तो भाऊ म्हणजे मी. मुलगे सगळे सॉकरला जायचे.

तालमी मावशीच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. जानेवारीत सुरू झाल्या, कारण मावशीचं मत होतं की नाटक आणि लोणचं, दोन्ही मुरायला हवं. दाराशी बुटांची रांग, त्यांच्याखाली वितळलेल्या बर्फाचं तळं. जाड कोटांना घराघरातल्या फोडणीचा वास, तो ओल्या लोकरीत मिसळून असा काही व्हायचा की आजही मेट्रा लोकलच्या डब्यात हिवाळ्यात कुणाच्या कोटाला तसा वास आला की मी वळून बघते. वर जमिनीलगत एक चिंचोळी खिडकी होती, तिच्यातून फक्त बर्फ आणि कुणाचे तरी पाय दिसायचे. खिडकीखाली कढीपत्त्याची कुंडी, तिच्यावर जुनी शाल. थंडीत ते झाड आत यायचं आणि घरातल्या आजारी माणसासारखी त्याची चौकशी व्हायची. "काय, आज नवीन पान?" "नाही हो, दोन गळलीच."

भावाने आईकडून बहिणीसाठी काहीतरी आणायचं होतं. मावशीने लिहिलं होतं, परसातल्या कढीपत्त्याची डहाळी. म्हणजे नाव सांगण्याआधीच राणीला वास येतो आणि माहेर समोर उभं राहतं. पण तालमीला डहाळी तोडायची परवानगी नव्हती. "झाड आहे ते, जंगल नाही. खरी डहाळी फक्त खऱ्या प्रयोगाला." म्हणून मी सगळा हिवाळा राजमातेची भेट म्हणून एक उलथनं दिलं. मावशी ते दोन्ही हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि त्याचा वास घ्यायची. कुणी हसायचं नाही.

"तुम्ही कोण?" मी ओरडायचे.

"अगं, तू पोलीस आहेस का? भाऊ आहेस. पहिल्यांदा बघतोयस बहिणीला. पुन्हा."

"बट हाऊ कॅन ही नॉट नो हिज ओन सिस्टर? दॅट्स सो विअर्ड."

"तू तुझ्या मामाला ओळखतेस?"

"ऑन द फोन, येस."

"हं," मावशी म्हणाली. "हिच्याकडे फोनसुद्धा नव्हता."

मागे आई चादरीवर देवगिरीचा किल्ला रंगवत होती. आई नागपूरहून आर्किटेक्ट होऊन आली होती, बाबांच्या व्हिसावर, ज्या व्हिसावर काम करता येत नाही. त्या बेसमेंटमधल्या बहुतेक बायका तशाच आलेल्या. मी मोठी झाल्यावर याच्यावर पत्रकं लिहिली, पण इतकं स्वच्छ मला कधी लिहिता आलं नाही: राणी म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई. मामाचं लग्न झालं तेव्हा आई जाऊ शकली नव्हती. लग्नाचे फोटो आले, ते तिने फ्रिजवर लावले नाहीत. त्या दिवशी तालमीत फोनवरच्या मामाचा विषय निघाला तेव्हा तिचा ब्रश थांबला. मग तिने किल्ल्याची तीच खिडकी पुन्हा रंगवली. एकदा, आणखी एकदा. त्या चादरीवरच्या किल्ल्याला एक खिडकी बाकीच्यांपेक्षा काळी होती. तुमच्यापैकी जे तेव्हा पुढच्या रांगेत होते त्यांना आठवत असेल.

बर्फ गेला. कुंडी अंगणात गेली. चिंचोळ्या खिडकीतून आता गवत कापण्याचं यंत्र ऐकू यायचं आणि कापलेल्या गवताचा हिरवा वास उतरायचा. मग सिकाडा आले. मावशीने सगळ्यांना बजावलं, "यांना रातकिडे म्हणायचं नाही. हे दिवसाढवळ्या ओरडतात, चोरून नाही." आम्ही झाडांच्या बुंध्यावरून काती गोळा करायचो, खिशात ठेवायचो, त्या चुरडायच्या, पुन्हा गोळा करायचो. राजाच्या अंगरख्याला लावल्या तेव्हा टिपणीसकाका किंचाळले. टिपणीसकाका राजा होते, आणि त्या वर्षी मंडळाचे अध्यक्षही. राणीच्या मुकुटावर आम्ही एकच लावली. मावशीने बोटाने तिला हलकेच शिवून बघितलं आणि म्हणाली, "असू दे. हिनेही पुष्कळ वाट बघितलीय."

तालमीत ती नाव सांगायची तेव्हा आवाज चढवायची नाही, उलट खाली आणायची. इतका खाली, की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी व्हायची आणि मावशी थांबायची, शिट्टी संपू द्यायची, मग सांगायची. आईच्या मांडीवर नाटकाची वही उघडी असायची, प्रॉम्प्टर तीच होती. पण त्या ओळीला ती वहीत बघायची नाही.

आणि मग तो शनिवार. दोन अंक तुमच्या टाळ्यांत झाले. राजाची एंट्री, राजाचं भाषण, तह, आणखी भाषण. माझ्या मिशीचं काजळ घामाने ओठांवर उतरलेलं, चव कडू. मुठीत खरी डहाळी, सकाळी मावशीने स्वतः तोडलेली, आणि मुठीतून येणारा तो वास. स्वयंपाकघरातून तळणाचा वास आला तेव्हा दोन वासांची मारामारी झाली. कोण जिंकलं ते सांगून झालंय. माइक कुणाच्या हातात होता तेही सांगून टाकते. राजाच्या. महाराजांचे अंक झाले होते, महाराजांनी पडदा बंद ठेवला.

मावशी पडद्यामागे क्षणभर उभी राहिली. मग तिने मुकुट काढला, समईतली बॅटरी बंद केली आणि मला म्हणाली, "चल, जेवून घे. गार होईल." मला सगळ्यात जास्त राग याचा आला, की ती रागावली नाही. पंधरा मिनिटांनी ती पदर खोचून टेबलामागे उभी होती. डोळ्यांत राणीचं काजळ, कपाळावर राणीची चंद्रकोर, आणि हातात श्रीखंडाचा डाव. "अजून घ्या ना. घ्या हो, खूप आहे." देवगिरीची महाराणी श्रीखंड वाढत होती आणि तुम्ही म्हणत होतात, "वा, शैलाताई, काय सुंदर झालं नाटक!"

झालंच नव्हतं.

डहाळी मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी ती आमटीत गेली.

पण त्याआधी, त्याच दुपारी, मी कार्यक्रमपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. लाल मार्करने, इंग्लिशमध्ये, कारण लिहिता तेच यायचं. राणीला अजून वीस मिनिटं द्या, एवढाच मजकूर. पार्किंगमधल्या मिनीव्हॅनच्या वायपरखाली एकेक कागद खोचला. काही तुम्ही काढून टाकलेत, काही बहुतेक वायपरने पुसले गेले. सगळी पत्रकं अशीच सुरू होतात, मी सांगते तुम्हाला.

तर मुकुट घेऊन मी स्टोरेजमधून सरळ मावशीकडे गेले. तिच्या हॉलमध्ये खोकी. गणपती झाले की ती तिकडे दक्षिणेत, अल्फारेटाला मुलाकडे राहायला चालली आहे, कायमची. गुडघे, जिने, इथला बर्फ, सगळं आता जड होतंय. पेंग्विनसारखं चालूनही मागच्या हिवाळ्यात ती पडली.

"हा अजून आहे?" तिने मुकुट फिरवून बघितला. "आणि ही बाई पण आहे की!" म्हणजे ती कात.

"मावशी, तिसरा अंक करू या."

"वेडी आहेस का? कोण बघणार? आणि माझा आवाज बघ, चाळणीतून काढल्यासारखा."

"तुला कुठे ओरडायचंय? तुझा आवाज तर खालीच यायचा."

ती हसली. मग एकदम तिने विचारलं, "शेवटची ओळ आठवते?"

"तुझी की माझी?"

"माझी."

मी सांगितली. नावासकट. मावशीने खिडकीबाहेर बघितलं. अंगणात कुंडी होती, तीच, झाड आता माझ्या खांद्याएवढं. बाहेर सिकाडा बेंबीच्या देठापासून ओरडत होते. ती म्हणाली, "तेरवाच मला वाटलं होतं, की हे नाव आता माझ्याबरोबरच जाणार."

हे वाक्य इथे स्मरणिकेत मोठ्या अक्षरांत छापायची माझी इच्छा होती. संपादक नाही म्हणाले.

कमिटीची मीटिंग झूमवर झाली. टिपणीसकाका आता सल्लागार आहेत, म्हणजे अध्यक्ष जे बोलतात ते आधी तेच बोलतात.

"बेटा, नाटक जेवणानंतर ठेवू या ना."

"काका, जेवणानंतर अर्धे लोक पार्किंगमध्ये असतात आणि अर्धे खुर्चीत झोपलेले."

"पण भुकेल्या माणसाला इतिहास दाखवू नये."

"तुमचे दोन अंक भुकेल्या लोकांनीच बघितले होते."

कुणीतरी म्हणालं, "टिपणीसकाका, यू आर ऑन म्यूट."

"म्यूटवर नाहीये मी. विचार करतोय." मग जरा वेळाने, "तूच ना ती? वायपरखाली कागद खोचणारी?"

"मीच."

"हं. माझ्या गाडीवर दोन होते."

"तुम्ही अध्यक्ष होतात ना, म्हणून."

तेव्हा हा माणूस खो खो हसला, आणि मला मान्य करायला हवं, बरं वाटलं. तो दुष्ट कधीच नव्हता. त्या दिवशी हॉलमध्ये लहान मुलं रडत होती, हॉल वेळेत रिकामा करायचा होता, आणि त्याला खरंच वाटलं होतं की गरम पुरी हे लोकांवरचं प्रेम आहे. शेंदूर लावणाऱ्यांनाही तसंच वाटतं. अशा माणसांशी भांडणं सगळ्यात अवघड, पण एकदा पटलं की हीच माणसं सगळ्यात उपयोगी पडतात. काका म्हणाले, "पुऱ्या मी अडवतो. स्वयंपाकघराच्या दारात स्वतः उभा राहतो, अंगरखा घालून. नाव ऐकल्याशिवाय कढईत एक पुरी पडणार नाही. पण यार, लोकच उठले तर? पब्लिकला मी धरून नाही ना ठेवू शकत."

नाही, काका. ते काम माझं.

आईने जुनी चादर शोधून काढली आहे. ती आता इथल्याच एका ऑफिसात शाळांच्या इमारतींचे आराखडे काढते, पण ऑगस्टचे सगळे रविवार ती गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून देवगिरी रंगवत होती. खिडक्या या वेळी सगळ्या उघड्या आहेत. मामा पहिल्यांदाच येतोय, गणपतीसाठी. मला त्याला एअरपोर्टवर ओळखायचं आहे. ओळखेन असं वाटतं. नाही ओळखला तर काय विचारायचं ते मला पाठ आहे.

तुम्ही हे वाचाल तेव्हा सिकाडा गेलेले असतील. झाडं गप्प झाली असतील. पण त्यांची पिल्लं फांद्यांवरून पडून मातीत शिरलेलीसुद्धा आहेत, तुमच्या लॉनखाली, हॉलच्या पार्किंगभोवतीच्या झाडांखाली. मला त्याचा मोठा आधार वाटतो. जे खाली गेलंय ते संपलेलं नसतं. त्याला फक्त कुणीतरी वरची जागा मोकळी ठेवायला हवी.

तर आता तुमचं काम. ही स्मरणिका बहुतेक तुमच्या मांडीवर आहे आणि तुम्ही हॉलमध्ये बसलेले आहात. आज, शनिवारी, सव्वा बारा वाजता पडदा उघडेल. मिशी लावून मी येईन, हातात कुंडीतली खरी डहाळी असेल. तुम्हाला भूक लागलेली असेल, शेजारचा म्हणेल, "चल, लाइन लागायच्या आत जाऊ." जाऊ नका. मी विचारीन, "तुम्ही कोण?" त्या वेळी फोन खाली ठेवा, मुलांना मांडीवर घ्या, कुजबूज थांबवा, कारण ती हळूच बोलणार आहे आणि माइक वापरणार नाही. नाव मी इथे छापलेलं नाही. ते तिच्या तोंडून ऐका. ऐकलंत की जेवणाच्या रांगेत शेजाऱ्याला सांगा, आणि मावशी श्रीखंड वाढायला उभी राहिली तर तिच्या हातातला डाव काढून घ्या आणि तिला बसवा.

पुऱ्या गार झाल्या तर शिव्या मला द्या. पण खुर्ची सोडू नका.